असोसिएट की थेट बॅचलर्स? कॅलिफोर्नियातल्या दोन वर्षांचा हिशेब

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजचं, एक युनिट (क्रेडिट, विषयाचा भार मोजायचं माप) तिथल्या रहिवासी विद्यार्थ्याला ४६ डॉलरला पडतं. २०१२पासून हा दर हललेला नाही. तिथल्या असोसिएट डिग्रीला ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचं शिक्षणशुल्क २,७६० डॉलर. आरोग्य फी, पार्किंग, पुस्तकं वेगळी. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे यूसीची, रहिवाशांसाठीची फी वर्षाला साधारण १५ हजार डॉलर आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची, म्हणजे सीएसयूची, साडेसहा हजारांच्या आसपास. त्यात राहण्या-जेवणाचा खर्च धरलेला नाही. एवढे आकडे कागदावर उतरवले की ‘आधी असोसिएट की थेट बॅचलर्स’ हा घरातला वाद मिटायला हवा. तो मिटत नाही, आणि मिटू नये हेच बरं. कारण ही ६० युनिट घेऊन विद्यापीठात गेल्यावर, म्हणजे ट्रान्सफर झाल्यावर, पुढे दोन वर्षांत बॅचलर्स होईल की तीन लागतील, हे या २,७६० डॉलरांत कुठेच लिहिलेलं नसतं. एक जादा वर्ष पडलं की वाचलेल्या पैशांतला मोठा भाग त्यातच जातो. म्हणून फीची चर्चा थोडी बाजूला ठेवून आधी कोणतं युनिट कुठे मोजलं जातं, हे पाहावं लागतं.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांचा एक घोटाळा सुरुवातीलाच सोडवून टाकू. असोसिएट म्हणजे आपला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा नव्हे. डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, आणि त्यानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. असोसिएट बारावीनंतरची आणि दोन वर्षांची. त्यानंतर थेट तिसऱ्या वर्षाला जायचं असतं. डिप्लोमावाल्याचा कागद हीच त्याची पात्रता असते. असोसिएटच्या बाबतीत बहुतेक वेळा कागद दुय्यम असतो आणि विद्यार्थी आपल्यासोबत सुटे विषय घेऊन जातो. आणि भारतात परत यायचं झालं तर नुसती असोसिएट असलेला माणूस पदवीधर धरला जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

असोसिएटचे प्रकारही एकापेक्षा जास्त आहेत. ए.ए. आणि ए.एस. या कॉलेजच्या स्वतःच्या डिग्र्या. ए.ए.-टी आणि ए.एस.-टी या ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’, म्हणजे एडीटी. २०१०च्या एका कायद्यानं त्या अस्तित्वात आल्या. नावात एवढ्याशा ‘टी’चा फरक, पण परिणाम मोठा. एडीटी घेतलेल्या विद्यार्थ्याला सीएसयूच्या कोणत्या ना कोणत्या कॅम्पसवर तिसऱ्या वर्षात प्रवेशाची हमी असते, आणि त्याच किंवा जुळत्या शाखेत गेल्यास आणखी ६० युनिटमध्ये त्याला पदवी पूर्ण करता यायला हवी. ‘कोणत्या ना कोणत्या’ हे शब्द दोनदा वाचा. हमी सीएसयूची आहे, सॅन होजे स्टेटची किंवा सॅन लुईस ओबिस्पोची नाही. गर्दीच्या कॅम्पसवर एडीटीमुळे प्रवेशाच्या चुरशीत थोडी सवलत मिळते, पण जागा मिळेलच असं नाही.

यूसीला यातलं काहीच लागत नाही. तिथे असोसिएटची अटच नाही. ट्रान्सफरला योग्य अशी ६० सेमिस्टर युनिट, त्यात इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक धरून ठरावीक सात विषय, आणि रहिवाशाला किमान २.४, बाहेरच्याला २.८ जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक. ही किमान पातळी झाली. प्रत्यक्षात प्रवेश मिळणाऱ्यांचे गुण खूप वर असतात. तेव्हा सरळ सांगायचं तर यूसीचं ध्येय असेल तर ‘असोसिएट करावी का’ याऐवजी ‘कम्युनिटी कॉलेजमधून जावं का’ असा विचार करावा. डिग्री वाटेत आपोआप जमत असेल तर घ्यावी. तिच्यासाठी चार जादा विषय घ्यावे लागत असतील आणि त्यापायी मेजरचा, म्हणजे मुख्य शाखेचा, एक विषय मागे पडत असेल, तर ती सोडून द्यावी. आईवडिलांना हे पटायला जड जातं. दोन वर्षं शिकून हातात कागद नाही म्हणजे काय, असं वाटतं. पण यूसीच्या प्रवेश कचेरीत मेजरच्या तयारीचे विषय पाहतात. त्यातला एखादा नसेल तर असोसिएटचं प्रमाणपत्र त्याची जागा भरून काढत नाही.

आता बऱ्याच मराठी घरांत सगळ्यात आधी विचारायला हवा आणि सगळ्यात शेवटी विचारला जातो तो प्रश्न: मूल कोणत्या व्हिसावर आहे? एच-४वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्या पालकाच्या आश्रितांच्या व्हिसावर, असलेलं मूल कॅलिफोर्नियात रहिवासी दराला पात्र ठरू शकतं. अट अशी की सत्र सुरू होण्याआधी किमान एक वर्ष आणि एक दिवस कुटुंबाचं वास्तव्य राज्यात असावं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसावा: टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र एच-४ला मिळत नाही. एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेला विद्यार्थी रहिवासी ठरत नाही. त्याला ४६ डॉलरवर बाहेरच्यांचा वेगळा दर भरावा लागतो. तो कॉलेजनुसार बदलतो, पण युनिटमागे तीन-चारशे डॉलरच्या घरात असतो. म्हणजे ६० युनिटला वीस-पंचवीस हजार. यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त अधिभार बसतो. त्यामुळे पुण्याहून बारावी करून थेट येणाऱ्यालाही ही वाट स्वस्त पडते, फक्त ‘जवळजवळ फुकट’ पडत नाही.

एच-४ची खरी मेख वयात आहे. २१ वर्षं पूर्ण झाली की मूल आईवडिलांच्या अर्जावरून गळतं. ग्रीनकार्डची भारतीयांची रांग माहीत असलेल्यांना जास्त सांगायला नको. त्यानंतर बहुतेकांना एफ-१वर जावं लागतं, आणि त्याबरोबर रहिवासी दर जाऊ शकतो. आता तारखा मांडून पाहा. अठराव्या वर्षी कम्युनिटी कॉलेज सुरू केलं, विसाव्या वर्षी ट्रान्सफर, आणि तिसरं वर्ष चालू असताना एकविसावा वाढदिवस. म्हणजे राहिलेला काळ बाहेरच्यांच्या दरानं भरावा लागण्याची शक्यता असतेच. त्यात ट्रान्सफरला एक वर्ष उशीर झाला, तर ते जादा वर्ष १५ हजारांचं न राहता ५० हजारांच्या घरात जातं. वेळेवर पूर्ण होण्याला अशा घरात जी किंमत आहे, ती इमिग्रेशनची घाई नसलेल्या शेजाऱ्याच्या घरात नाही. म्हणून शेजाऱ्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. आणि वय जवळ आलं असेल तर वाढदिवसाच्या निदान वर्षभर आधी इमिग्रेशन वकिलाशी आणि कॉलेजच्या रहिवास ठरवणाऱ्या कचेरीशी बोलून ठेवावं.

एफ-१वाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. दर सत्रात १२ युनिट घ्यावीच लागतात, आणि त्या १२ मध्ये पूर्ण ऑनलाइन असा एकच विषय मोजला जातो. कम्युनिटी कॉलेजांत आजकाल निम्मे वर्ग ऑनलाइन दिसतात. नाव नोंदवताना हे पाहिलं नाही तर स्टेटस धोक्यात येतं. दुसरं, शिक्षणानंतर नोकरी करायची १२ महिन्यांची परवानगी, म्हणजे ओपीटी, प्रत्येक वरच्या पातळीवर एकदा मिळते, त्यामुळे असोसिएटनंतरही ती घेता येते. पण विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ बॅचलर्सपासून पुढेच. असोसिएटवर ती नाही.

पुढचं काम असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर. ही साइट मोफत आहे, लॉगिन लागत नाही, आणि कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक कॉलेजांचा कोणता विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. काउन्सेलरची वेळ घेण्याआधी घरी बसून ही साइट दोन तास चाळा. तिथे तीन वेगवेगळ्या याद्या असतात आणि सगळा गोंधळ त्या एक समजण्यातून होतो. पहिली यादी ट्रान्सफरला योग्य विषयांची: या विषयाची युनिट यूसी किंवा सीएसयू मोजेल, एवढंच ती सांगते. दुसरी सामान्य शिक्षणाची, म्हणजे शाखा कोणतीही असो, सगळ्यांनाच लागणाऱ्या विषयांची. तिसरी मेजरची: अमुक कॉलेजचा अमुक विषय म्हणजे तमुक कॅम्पसवरच्या तमुक विभागाचा विषय. ‘सगळी युनिट ट्रान्सफर झाली’ असं अभिमानानं सांगणारा विद्यार्थी पुढे तीन वर्षं अडकलेला दिसतो, त्याचं कारण बहुधा इथेच असतं. युनिट पहिल्या यादीत होती, तिसऱ्या यादीत नव्हती. ती ऐच्छिक म्हणून खात्यावर जमा झाली आणि मेजरचे पायाभूत विषय विद्यापीठात जाऊन, विद्यापीठाच्या फीनं, पुन्हा सुरुवातीपासून करावे लागले. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७च्या अहवालात देशभरातल्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जात असल्याचा अंदाज दिला होता. कॅलिफोर्नियात सार्वजनिक कॉलेजांत असिस्टमुळे चित्र बरं असू शकतं, पण ती साइट उघडणाऱ्यालाच.

तिसरी यादी एका कॅम्पसपुरती पाहून चालत नाही. ज्या चार-पाच ठिकाणी अर्ज करायचा त्या प्रत्येकाची काढा आणि एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. संगणकशास्त्राचंच घ्या. एक कॅम्पस डेटा स्ट्रक्चर्स सी++ मध्ये केलेलं मागतो, दुसऱ्याला कोणतीही भाषा चालते, तिसऱ्याला वर डिस्क्रीट मॅथ्स आणि असेंब्ली हवी, चौथ्याला भौतिकशास्त्राचे दोन विषय. सगळ्यांची बेरीज करून सर्वांत कडक कॅम्पसप्रमाणे बेत आखला तर बाकीचे आपोआप बसतात, पण मग ६० युनिटमध्ये मावत नाही. अशा वेळी सामान्य शिक्षणाला कात्री लावावी लागते. इंजिनीअरिंग आणि संगणकशास्त्रात अनेक यूसी विभाग स्वतःच सांगतात की मेजरची तयारी आधी, सामान्य शिक्षण राहिलं तर इथे येऊन करा. समाजशास्त्र, मानसशास्त्र, बिझनेस अशा शाखांत नेमकं उलट: मेजरचे विषय चार-पाच, त्यामुळे सामान्य शिक्षण पूर्ण करून एडीटीसह जाणं हीच शहाणपणाची वाट.

सामान्य शिक्षणाचा नमुना २०२५च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रापासून, यूसी आणि सीएसयूसाठी एकच झाला आहे, नाव कॅल-जीईटीसी. ११ विषय, ३४ युनिट, प्रत्येकात निदान सी. इंग्रजी लेखन, तर्क आणि लेखन, भाषण, गणित, कला, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रांतले दोन, भौतिक विज्ञान, जीवविज्ञान, यातल्या एका विज्ञानाची प्रयोगशाळा आणि एथनिक स्टडीज. मोठ्या भावाची किंवा मैत्रिणीची जुनी यादी समोर ठेवून बसलात तर फसाल. जुने दोन नमुने वेगळे होते. हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या एपी परीक्षांनी यातले बरेच चौकोन भरतात. भाषणाचा आणि तर्क-लेखनाचा मात्र एपीनं भरत नाही. एपीचा निकाल ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून कॉलेजला अधिकृतपणे पाठवावा लागतो, काउन्सेलरला पडद्यावर दाखवून भागत नाही. तो न पाठवल्यामुळे आधीच झालेला कॅल्क्युलस पुन्हा करणारी मुलं दरवर्षी असतात.

गणिताच्या साखळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दोन वर्षांची तीन होतात ती बहुतेक वेळा इथे. इंजिनीअरिंग, भौतिकशास्त्र आणि बऱ्याच संगणकशास्त्र विभागांना कॅल्क्युलसचे तीन टप्पे, मग लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. प्रत्येक टप्पा आधीच्याच्या खांद्यावर उभा. एका सत्रात दोन घेता येत नाहीत, अपवाद फक्त शेवटच्या दोघांचा. दोन वर्षांत सत्रं चार. पहिल्या फॉलला कॅल्क्युलस एकपासून सुरुवात केली तर चौथ्या सत्रात साखळी पुरी होते, तीही एकदाही न अडखळता. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात झाली तर एक सत्र कमी पडतं. त्यात कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र कॅल्क्युलस एकनंतर किंवा त्याच्या जोडीनं सुरू होतं आणि तेही तीन सत्रांचं. म्हणून हायस्कूल संपल्यानंतरच्या उन्हाळ्यातच साखळी एक कडी पुढे सरकवून ठेवावी. समर सत्र सहा-आठ आठवड्यांचं, सोळा आठवड्यांचा भाग त्यात कोंबलेला. प्रीकॅल्क्युलस त्यात जमतं. कॅल्क्युलस दोन जमतंच असं नाही, आणि त्या घाईत आलेला सी पुढे सलतो.

सी सलतो याचं कारण नियमात आहे. सी म्हणजे पास, आणि कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात पास झालेला विषय गुण सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. डी किंवा एफ आला तर घेता येतो. त्यामुळे सत्राच्या मध्यावर मूल डळमळीत दिसत असेल तर डब्ल्यू, म्हणजे ‘विषय सोडला’ असा शेरा, घेऊन विषय सोडायची शेवटची तारीख माहीत असली पाहिजे. ती कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरमध्ये छापलेली असते. डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही. एखादा डब्ल्यू फारसं बिघडवत नाही. मेजरच्या विषयांत तीन-चार दिसले तर विद्यापीठ विचारतं. आणि डब्ल्यू घेताना साखळी एक सत्र मागे जाते, तो हिशेब त्याच दिवशी करावा. एफ-१वाल्यानं तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीत जाऊन मगच विषय सोडावा, १२च्या खाली घसरला तर पंचाईत.

क्वार्टर (वर्षात तीन नेहमीची सत्रं) आणि सेमिस्टरचं (दोन) प्रकरण बे एरियातल्यांना, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्यांना, ठाऊक हवं. क्युपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल ही क्वार्टर पद्धतीची कॉलेजं, तर फ्रीमाँटचं ओलोनी आणि आसपासची बहुतेक बाकीची सेमिस्टरची. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, तेव्हा ६०ऐवजी ९० लागतात. डी अँझाला कॅल्क्युलस चार क्वार्टरमध्ये विभागलेला आहे. तिथे दोन भाग करून मूल उन्हाळ्यात सेमिस्टरवाल्या कॉलेजात पुढचा घ्यायला गेलं, तर मधला एखादा धडा कुठेच शिकवला न जाण्याची आणि असिस्टवर दोन अर्धवट मालिका जुळत नसल्याची शक्यता असते. मालिकेचे विषय, मग ते गणित असो, भौतिकशास्त्र असो की रसायनशास्त्र, एकाच कॉलेजात संपवा. सुटे विषय कुठेही घ्या. दोन-तीन कॉलेजांतून युनिट गोळा करणं इथे सर्रास चालतं. असोसिएट मात्र त्याच कॉलेजकडून मिळते जिथे निदान १२ युनिट केली आहेत.

हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेण्याची सोय आहे. सत्राला ११ युनिटपर्यंत घेतल्यास युनिटची फी बहुधा माफ असते. हा सगळ्यात स्वस्त मार्ग, पण त्यात दोन खड्डे. तिथले गुण कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, जातात. चौदाव्या वर्षी हौसेनं घेतलेल्या विषयातला डी वीस वर्षांचा झाल्यावरही अर्जात लिहावा लागतो. आणि यूसीत पहिल्या वर्षासाठी अर्ज करायचा असेल, तर हायस्कूल संपल्यानंतर फॉल किंवा स्प्रिंगच्या सत्रात कम्युनिटी कॉलेजला नाव नोंदवलं की विद्यार्थी ट्रान्सफर धरला जातो. फक्त उन्हाळ्यापुरतं चालतं. ‘एक वर्ष थांबून, दोन-चार विषय करून पुन्हा फ्रेशमन म्हणून अर्ज करू’ हा बेत त्यामुळे बसत नाही.

ट्रान्सफरचं वेळापत्रक अंगावर कसं येतं, ते पाहा. दोन वर्षांत जायचं असेल तर अर्ज दुसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये जातो. म्हणजे हातात गुण फक्त पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचे. पहिल्या सत्रात ‘जरा रुळू दे’ म्हणून सोडून दिलं तर दाखवायला उरतं काय? टॅग, म्हणजे यूसीचा हमी प्रवेश, सप्टेंबरच्या १ ते ३० तारखेला भरायचा. तो डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसवर आहे, भरता येतो एकाच ठिकाणी, आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला नाहीच. संगणकशास्त्र, इंजिनीअरिंग अशा गर्दीच्या शाखा अनेक कॅम्पसनी टॅगमधून वगळलेल्या असतात, तेव्हा ‘टॅग आहे ना’ म्हणून निश्चिंत होण्याआधी त्या वर्षीचा तक्ता पाहा. तो दरवर्षी बदलतो. टॅग भरला तरी मुख्य अर्ज वेगळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सीएसयूचाही साधारण तेव्हाच. जानेवारीत यूसीला फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे ठरवलेले विषय कळवायचे असतात. हे अनेकांकडून राहून जातं, कारण ‘अर्ज तर केला’. एप्रिल संपेपर्यंत यूसीचे निकाल, १ जूनपर्यंत जागा स्वीकारायची, १ जुलैपर्यंत अंतिम ट्रान्सक्रिप्ट.

प्रवेश मिळाल्यानंतर तो रद्द होण्याची कारणं फार साधी असतात. स्प्रिंगमध्ये घ्यायचं म्हणून लिहिलेला विषय भरला म्हणून दुसराच घेतला आणि विद्यापीठाला कळवलं नाही. मेजरचा विषय पास-नापास पद्धतीनं घेतला. ट्रान्सक्रिप्ट एका कॉलेजचं पाठवलं, हायस्कूलमध्ये जिथे एक विषय केला होता त्या कॉलेजचं राहिलं. कॅल-जीईटीसी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आपोआप जात नाही, ते मागावं लागतं. असोसिएटसुद्धा आपोआप मिळत नाही: पदवीसाठीचा अर्ज वेळेत भरावा लागतो, आणि एडीटीच्या जोरावर सीएसयूत जाणाऱ्याची एडीटी कॉलेजनं सीएसयूला ठरलेल्या मुदतीत पडताळून द्यावी लागते. मागे लागल्याशिवाय हे होत नाही.

विषयच मिळाला नाही, हा त्याआधीचा अडथळा. नाव नोंदवण्याचा क्रम असतो आणि नव्या विद्यार्थ्याचा नंबर शेवटी. ओरिएंटेशन आणि काउन्सेलरबरोबरचा लेखी शैक्षणिक आराखडा पुरा केला की क्रम वर सरकतो, म्हणून ते मे-जूनमध्येच उरकावं. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव लावून पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला हजर राहायचं. पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात आणि प्राध्यापक वर्गात नाव घालायचा अ‍ॅड कोड देतात. फी वेळेत न भरल्यामुळे आपोआप वर्गातून नाव कमी झालं, हेही इथे घडतं. काउन्सेलरबद्दल एवढंच: माणसं चांगली असतात, पण एकेकाकडे शेकडो विद्यार्थी. तुमचा तक्ता तुम्ही नेला तर अर्ध्या तासात काम होतं, कोऱ्या हातानं गेलात तर सर्वसाधारण उत्तर मिळतं. सामान्य काउन्सेलर वेगळा, ट्रान्सफर सेंटर वेगळं. फॉलमध्ये तिथे विद्यापीठांचे प्रतिनिधी येतात, त्यांना मेजरचा नेमका प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

ही सगळी कसरत कॅलिफोर्नियाच्या बाहेर जशीच्या तशी लागू होत नाही. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास आपली वस्ती मोठी आहे, राज्याच्या ट्रान्सफर कराराखाली ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण केलेल्याची क्रेडिट सार्वजनिक विद्यापीठात तिसऱ्या वर्षासाठी धरली जातात. तिथे डिग्री पूर्ण करण्याला खरी किंमत आहे. ५५ क्रेडिटवर घाईनं निघून गेलात तर ते संरक्षण जातं. फ्लोरिडातही ए.ए. पूर्ण करणाऱ्याला राज्य विद्यापीठांपैकी एकात जागेची हमी आहे, आवडीच्या विद्यापीठाची नाही. आणि सगळीकडे एका नावापासून सावध राहा: ए.ए.एस., म्हणजे असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स. ती थेट नोकरीसाठी बनवलेली डिग्री. तिचे विषय बॅचलर्सकडे बऱ्याचदा पुढे सरकत नाहीत. खासगी विद्यापीठांचे नियम आपापले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, यूएससी, बाहेरची जास्तीत जास्त ६४ सेमिस्टर युनिट घेतं.

असोसिएट आधी घ्यावीच, असं डोळे झाकून म्हणावं अशी काही क्षेत्रं आहेत आणि आपल्या घरांत त्यांच्याकडे पाहिलं जात नाही. नर्सिंगचं उदाहरण घ्या. असोसिएट केलेली आणि बॅचलर्स केलेली नर्स एकच एनक्लेक्स-आरएन परीक्षा देतात आणि एकच लायसन्स मिळवतात. असोसिएटवाली दोन वर्षं आधी कामाला लागते आणि काम करता करता आरएन-टू-बीएसएन, म्हणजे नर्सिंगचं बॅचलर्स, पुरं करते. त्या दोन वर्षांआधी अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजीसारखे पूर्वतयारीचे विषय आणि प्रवेशासाठीची रांग धरली की तीन-चार वर्षं होतात, हे तेवढं सांगितलं जात नाही. डेंटल हायजीन, रेस्पिरेटरी केअर, रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी याही तशाच वाटा. याशिवाय कॅलिफोर्नियातली काही कम्युनिटी कॉलेजं आता मोजक्या विषयांत स्वतःच बॅचलर्स देतात. चारही वर्षांची फी मिळून साडेदहा हजार डॉलरच्या आसपास.

एच-४वर आलेल्या, महाराष्ट्रातून बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करून आलेल्या कितीतरी जणी कम्युनिटी कॉलेजात असोसिएटसाठी नाव घालतात. एच-४वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे सुरुवात सोपी. पण पदवी हातात असताना खालची डिग्री कशाला? आधी भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्या. परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांची संघटना ‘नेसेस’, तिची सदस्य असलेली संस्था विषयवार अहवाल देते. पदवी मान्य झाली तर अकाउंटिंगचं किंवा डेटा अ‍ॅनॅलिटिक्सचं प्रमाणपत्र, अथवा मास्टर्ससाठी लागणारे तीन-चार पूर्वविषय, एवढंच पुरतं. एफ.वाय. किंवा एस.वाय.ला अर्धवट सोडून आलेल्यांनीही हा अहवाल करून घ्यावा, त्यातली काही क्रेडिट धरली जाऊ शकतात. बारावीची मात्र धरली जात नाहीत. ती इथे हायस्कूलमध्ये मोजतात.

आणि पहिल्या सत्रापासून एक फोल्डर उघडा. प्रत्येक विषयाचा सिलॅबस, आठवडावार विषयसूची आणि पुस्तकाचं नाव असलेला, पीडीएफ करून त्यात टाका. राज्याबाहेरच्या किंवा खासगी विद्यापीठात असिस्ट चालत नाही. तिथला विभाग सिलॅबस मागतो, आणि तीन वर्षांपूर्वीचा सिलॅबस कॉलेजच्या साइटवरून तोवर उडालेला असतो.